देवाच्या घरचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी 'ख्रिस्ती धर्मातील अखेरचा न्याय' हा विषय कळवला, तेव्हा चिटणिसांनी मुद्दाम विचारणा केली, की पत्र दुसऱ्या कोणाचे तर आमच्याकडे आले नाही ना? पत्र माझेच होते.

मी ख्रिस्ती नाही, आणि धर्मपंडित तर नाहीच नाही. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते रात्रपाळी करून, रद्दीच्या दुकानातून वजनावर घेतलेल्या पुस्तकांतून. परंतु गेली तीस वर्षे मी कामगारांच्या हिशेबाच्या भांडणांत आहे. हिशेब दडपणे, हिशेब लांबणीवर टाकणे आणि क्वचित् हिशेब चुकता करणे, या तिन्ही कला मी जवळून पाहिल्या आहेत. ज्या धर्मात जगाचा शेवट हाच एक मोठा हिशेब म्हणून सांगितला आहे, त्याचे ग्रंथ माझ्यासारख्याने उत्सुकतेने वाचावेत यात नवल ते काय?

जगाच्या अंताची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे प्रलय आहे, कलियुगाचा शेवट आहे, कल्की अवतार आहे. मुसलमान बांधवांत कयामत आहे. पण आपले युगांचे चक्र फिरून पुन्हा सुरू होते. ख्रिस्ती माणसाचा काळ हा सरळ रेषेत जाणारा आहे. त्याला एकदाच आरंभ आणि एकदाच शेवट. येशू ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, ही गोष्ट इ. स. ३२५ आणि ३८१ च्या धर्मसभांतून तयार झालेल्या मतांगीकारात आहे, आणि रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट हे तिन्ही मोठे पंथ ती मानतात. त्यापुढे मात्र मतभेदांना सुरुवात होते. हजार वर्षांचे राज्य खरे की रूपकात्मक, संकटांचा काळ आधी की नंतर, यावर जे लिहिले गेले आहे त्याने एखादे ग्रंथालय भरेल. त्या भानगडीत मी आज शिरणार नाही. मला बोलायचे आहे ते एकाच प्रश्नावर. हा न्याय कोणाचा?

सर्वसाधारण समजूत अशी, की न्याय होणार तो 'त्यांचा'. जे पापी, जे पाखंडी, जे आपल्या कळपाबाहेरचे, ते आगीत जातील आणि आपण वर बसून पाहू. असे समजणारे लोक सर्वच धर्मांत आहेत. युनियनमध्येही आहेत. क्रांती झाली की शेजारच्या युनियनचा प्रथम निकाल लागणार, अशी त्यांची खात्री असते. पण नवा करार लक्षपूर्वक वाचला तर काही निराळेच दिसते. पेत्राच्या पहिल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे, की न्यायाला सुरुवात व्हायची ती देवाच्या घरापासून. म्हणजे जे विश्वास ठेवतात, त्यांचाच हिशेब आधी. हे वाचले तेव्हा मी चकित झालो. आपल्या सभासदांचीच वही आधी तपासणारी संघटना मी तरी फार पाहिलेली नाही!

आता पौलाची पत्रे घेऊ. इ. स. ५० च्या सुमारास पौलाने थेस्सलनीका या मासेदोनियातील बंदराच्या गावी एक पत्र पाठवले. ख्रिस्ती लिखाणात ते अगदी जुन्यांपैकी गणले जाते. तिथल्या मंडळीला चिंता पडली होती, की प्रभू येण्याआधीच आमची जी माणसे मेली त्यांचे काय? पौल त्यांचे सांत्वन करतो. पण त्याच दमात सांगतो, की शांतपणे राहा आणि आपल्या हातांनी काम करा. त्याच्या नावाने त्याच मंडळीला लिहिलेले दुसरे पत्र आहे. ते त्याचेच की कोणा शिष्याचे, याविषयी विद्वानांत वाद आहे. त्यात तक्रार अधिक उघड आहे. काही लोकांनी कामधंदा सोडून दिला होता आणि ते दुसऱ्यांच्या घरी बसून खात होते. पुष्कळ भाष्यकार याचा संबंध अंतकाळाच्या अपेक्षेशी लावतात. जग उद्या बुडायचे असेल तर आज हातमागावर कोण बसेल? त्यांना पत्रात उत्तर मिळते, की ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याने जेवूही नये.

हे वचन मालकमंडळींना फार आवडते. गंमत अशी, की हेच तत्त्व १९१८ च्या सोव्हिएत राज्यघटनेतही घातलेले होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच साक्षीदार! परंतु मूळ वचनात 'इच्छा नाही' असे आहे, 'काम नाही' असे नाही. ज्याला काम मिळत नाही त्याच्या तोंडावर हे वचन फेकणारा माणूस पौलाचा गुन्हेगार आहे. शिवाय पौल नुसता उपदेश करून थांबणारा नव्हता. तो तंबू करणारा कारागीर होता. तुमच्यावर भार पडू नये म्हणून मी रात्रंदिवस राबलो, असे तो पहिल्या पत्रात त्यांना आठवण करून देतो. जगाच्या अंताची एवढी वाट पाहणारा माणूस आणि हातात सुई-दोरा, हे चित्र मला मोठे लोभस वाटते.

पौलाचे दुसरे गाव करिंथ. या गावात बाजारचौकात दगडाचा एक उंच चौथरा होता. रोमन सुभेदार त्यावर बसून लोकांच्या फिर्यादी ऐके. ग्रीक भाषेत त्याला 'बेमा' म्हणत. उत्खननात तो सापडला असून आजही तिथे पाहायला मिळतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात असे आहे, की पौलाच्या विरोधकांनी त्याला धरून या बेमासमोर उभे केले. सुभेदार होता गल्लियो. डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून त्याचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. गल्लियोने फिर्याद ऐकूनसुद्धा घेतली नाही. हा तुमच्या शब्दांचा आणि नावांचा वाद आहे, तुमचे तुम्ही बघा, असे सांगून त्याने सर्वांना हाकून दिले. मग लोकांनी सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला तिथेच, न्यायासनाच्या समोर मारहाण केली, आणि गल्लियोने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

आपल्यापैकी जे लेबर कोर्टाच्या पायऱ्या चढले आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. कोर्टासमोर एक माणूस मार खातो आहे आणि न्यायाधीश म्हणतो, हे माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही! पुढे काही वर्षांनी पौल याच करिंथकरांना लिहितो, की आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहावे लागेल, आणि देहात असताना ज्याने जे केले, बरे वा वाईट, त्याप्रमाणे त्याला मिळेल. इथे त्याने वापरलेला शब्द तोच आहे, बेमा. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या बाजारातला तो दगडी चौथरा आल्याशिवाय कसा राहील? आणि पौल 'आपणा सर्वांना' म्हणतो. हे पत्र मंडळीला लिहिलेले आहे, बाहेरच्यांना नाही. स्वतःलाही त्याने त्यात धरले आहे.

मग एक शंका येते. जो विश्वास ठेवतो तो तरला, असे जर हा धर्म सांगतो, तर तरलेल्याचा पुन्हा न्याय कशासाठी? ही शंका सोपी नाही. तिच्यावरून युरोपात रक्त सांडले आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक दृष्टान्त दिला आहे. पाया एकच आहे. पण त्यावर कोणी सोन्यारुप्याने, मौल्यवान दगडांनी बांधतो, कोणी लाकडाने, गवताने, पेंढ्याने. तो दिवस आगीसारखा येईल आणि प्रत्येकाचे काम कसे आहे हे आगच दाखवील. ज्याचे काम टिकले त्याला मजुरी. ज्याचे जळाले त्याचे नुकसान. तो स्वतः वाचेल, पण आगीतून पळत सुटलेल्या माणसासारखा.

माझ्या ओळखीचा एक मोल्डर होता. फाउंड्रीत भट्टीजवळ त्याचा जन्म गेला. घराण्यात दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. थकलेल्या पगारासाठी आम्ही गेटवर धरणे धरून बसलो होतो, तेव्हा रात्री मांडवात तो आपला जुना नवा करार काढून वाचत बसे. मी त्याला म्हटले, "काय हो, त्या दिवशी आपल्या मालकाचं काय होणार, ते लिहिलंय का त्यात?" तो हसला. म्हणाला, "भाऊ, मालकाचं त्याचं तो बघेल. माझं आधी निघणार. वरनं गुळगुळीत दिसणारं कास्टिंग आत पोकळ असतं, ते मशीनवर चढल्यावरच कळतं. मी किती पोकळ मारलेत, ते मला माहीत आहे." पौलाच्या या दृष्टान्तावर मी पुढे दोन-तीन भाष्ये वाचली. या मोल्डरपेक्षा अधिक काही त्यांत मला सापडले नाही.

पण हिशेबात नोंद कशाची होणार? पूजापाठाची? उपवासांची? इथे मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय पाहावा. राजा सिंहासनावर बसतो आणि मेंढपाळ जशी मेंढरे व शेरडे वेगळी करतो तसे लोक वेगळे करतो. निवाड्याचे कलम कोणते? भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का. मताविषयी एकही प्रश्न नाही. आणि दोन्ही बाजूंचे लोक सारखेच चकित होतात, हे त्यातले मर्म आहे. आम्ही हे केव्हा केले, असे एक बाजू विचारते. आम्ही हे केव्हा केले नाही, असे दुसरी.

याकोबाचे पत्र तर माझ्या धंद्यातलेच आहे. पाचव्या अध्यायात तो धनवानांना उद्देशून लिहितो, की तुमची शेते ज्यांनी कापली त्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. मजूर ओरडत नाहीत. त्यांना ओरडण्याची सोय नसते. मजुरी ओरडते! यामागे यहुद्यांचे जुने शास्त्र आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा त्यात नियम होता. याकोब सांगतो की तुम्ही हा पैसा साठवला तो अखेरच्या दिवसांत, आणि न्यायाधीश तर दाराशी येऊन उभा आहे.

मला एक ठेकेदार आठवतो. सहा महिने त्याने सफाई कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाची कपात केली आणि भरणा मात्र केला नाही. त्याच्या कचेरीत देवाची तसबीर होती, उदबत्ती होती, दाराला तोरण होते. तो कोणत्या धर्माचा ते मी सांगत नाही. सर्व धर्मांत त्याची भावकी आहे.

मजुरीचीच आणखी एक गोष्ट मत्तयात आहे, आणि ती मात्र युनियनवाल्याला अडचणीत टाकणारी आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन एका दिनारावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, मजूर ठरवतो. मग नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना आणखी मजूर आणतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर आणि सर्वांना एकेक दिनार दे. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. समान कामाला समान दाम, हे आमचे ब्रीद. इथे तर असमान कामाला समान दाम! मी ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा त्या कुरकुर करणाऱ्यांची बाजू घेऊन मनातल्या मनात मागणीपत्रसुद्धा लिहिले. पण मग त्या शेवटच्या मजुरांच्या उत्तराकडे लक्ष गेले. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे धनी विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. नाक्यावर उभे राहिलेल्या माणसाला हे उत्तर कळते. धडधाकट तरुण सकाळीच उचलले जातात. उरतात ते म्हातारे, अशक्त, ज्यांच्या हातात जुने फावडे आहे ते. संध्याकाळी त्यांच्या घरी तोंडे तेवढीच असतात आणि भाकरीही तेवढ्याच लागतात. पगाराची ती संध्याकाळ म्हणजे अखेरचा दिवस, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावला आहे. तो धरला तर या न्यायासनाचा हिशेब आमच्या हजेरीपटाहून फार वेगळा निघतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या शतकांत चर्च मोठे झाले, श्रीमंत झाले. देवाच्या घरापासून न्याय, ही गोष्ट घराच्या कारभाऱ्यांना गैरसोयीची होऊ लागली. तरी ती पुसली गेली नाही. दान्तेने आपल्या काव्यात पोपांनाच नरकात उलटे पुरले आहे. मायकेलँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये 'अखेरचा न्याय' रंगवला. त्यातल्या नग्न आकृतींबद्दल पोपच्या दरबारातील समारंभाधिकाऱ्याने कुरबूर केली. तेव्हा चित्रकाराने त्याचाच चेहरा नरकाच्या न्यायाधीशाला दिला, गाढवाचे कान लावून. तो पोपकडे दाद मागायला गेला, तर पोप म्हणाले की नरकावर माझा अधिकार चालत नाही, अशी आख्यायिका आहे.

त्याआधी वीस वर्षे लूथरचे प्रकरण होऊन गेले होते. मेलेल्यांच्या शुद्धीसाठी पापक्षमेच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन विकल्या जात. तेव्हा १५१७ मध्ये लूथर उठला. देवाच्या घरचा हिशेब पैसे भरून मिटवता येत नाही, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. पण तारण केवळ विश्वासाने, यावर त्याने एवढा भर दिला, की कर्मांवर जोर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला त्याने फारसा मान दिला नाही. मजुरीवाले हेच ते पत्र! लूथर मोठा माणूस खरा. परंतु कापणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे पत्रच नेमके त्याच्या नजरेतून उतरावे, याची मला हळहळ वाटते. १५२५ मध्ये शेतकरी उठले तेव्हा तर तो उघडपणे राजेरजवाड्यांच्या बाजूने उभा राहिला.

त्या उठावातला टॉमस म्युन्त्सर हा धर्मोपदेशक आमच्या चळवळीत प्रसिद्ध आहे, कारण एंगल्सने १८५० मध्ये त्या युद्धावर पुस्तक लिहिले. म्युन्त्सरची खात्री होती, की कापणीचा दिवस आला आहे आणि देवाने विळा आपल्याच हाती दिला आहे. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेन येथे सरदारांच्या तोफांपुढे हजारो शेतकरी मारले गेले. बारा दिवसांनी म्युन्त्सरचा शिरच्छेद झाला. त्याची कणव खरी होती, आणि सरदारांचा जुलूमही खरा होता. पण आपणच न्यायाधीश आहोत असे एकदा ठरले, की समोरच्या फौजेची गणती करण्याची गरज उरत नाही. संपाच्या आधी जो पुढारी कोठारातले धान्य मोजत नाही, त्याच्याबद्दल आपण काय म्हणतो?

आता अमेरिकेकडे वळतो, कारण विश्वासणाऱ्यांच्या न्यायाची सर्वांत विलक्षण कहाणी तिथे घडली. न्यूयॉर्क राज्यात लो हॅम्प्टन येथे विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन होता. फारसे शिक्षण नसलेला, स्वतःच्या बळावर वाचणारा माणूस. त्यामुळे मला त्याच्याविषयी आपलेपणा आहे. दानीएलाच्या पुस्तकात दोन हजार तीनशे दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असे भाकीत आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजत, त्याने ख्रिस्ताच्या येण्याचा काळ १८४३ च्या सुमारास काढला. १८३१ पासून तो व्याख्याने देऊ लागला. तो काळ गेला, तेव्हा अनुयायांनी यहुदी पंचांगाच्या आधारे नवी तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. इसवी सनापूर्वीचा आणि नंतरचा काळ मोजताना मध्ये शून्य वर्ष नसते, हेही आता त्यांच्या ध्यानात आले होते. आकडेमोड बिनचूक होती, हे लक्षात ठेवा.

हजारो माणसांनी त्या दिवसाची वाट पाहिली. कित्येकांनी दुकाने बंद केली, देणी फेडली, शेतातले पीक उभेच ठेवले. आता कापणी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे झाले असते. २२ तारीख उजाडली, मावळली. मध्यरात्र झाली. कोणी आले नाही. सकाळी ती माणसे रडत होती. अमेरिकेच्या इतिहासात या दिवसाला 'महान निराशा' असेच नाव पडले आहे. शेजाऱ्यांनी टिंगल केली हे सांगायला नको. मला त्यांची टिंगल करवत नाही. सर्वस्व पणाला लावलेला संप फसल्यानंतरची सकाळ ज्याने पाहिली आहे, त्याला ती माणसे ओळखीची वाटतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायरम एडसन नावाचा त्यांच्यातलाच एक शेतकरी मक्याच्या शेतातून चालला असता त्याला उमगले, असे तो सांगे, की तारीख चुकलेली नाही, जागा चुकली आहे. ख्रिस्त पृथ्वीवर यायचा नव्हता. स्वर्गातल्या मंदिराच्या आतल्या गाभाऱ्यात त्याने त्या दिवशी प्रवेश केला. यातूनच पुढे 'तपासणीचा न्याय' हा सिद्धान्त तयार झाला. १८४४ पासून स्वर्गात वह्या उघडल्या गेल्या आहेत. ज्यांनी ज्यांनी विश्वास ठेवला म्हणून सांगितले त्यांची नावे एकेक करून तपासली जात आहेत, आधी मेलेल्यांची, मग जिवंतांची. १८६३ मध्ये या लोकांचा सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ रीतसर स्थापन झाला. तो दूरचा नाही. पुण्यात औंधजवळचे स्पायसर महाविद्यालय, जे पुढे विद्यापीठ झाले, ते याच पंथाचे.

कोणी म्हणेल, फसलेली तारीख झाकण्यासाठी केलेली ही सारवासारव आहे. मलाही ती तशीच वाटते. पण त्या माणसांनी काय केले पाहा. जग जळण्याची वाट पाहत बसलेल्यांनी निराशेनंतर वळून स्वतःचीच वही उघडली. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. आपले नाव आत्ता या क्षणी वाचले जात असेल आणि आपल्याला कळणारही नाही, या भीतीखाली कित्येक श्रद्धाळू माणसे पिचून गेली. १९८० मध्ये डेस्मंड फोर्ड नावाच्या त्यांच्याच एका ऑस्ट्रेलियन पंडिताने या सिद्धान्ताला बायबलात आधार नाही असे सविस्तर मांडले, तेव्हा त्याचा धर्मोपदेशकाचा अधिकार काढून घेण्यात आला. घराच्या हिशेबाची चर्चा घरातल्या माणसाने केलेली घरालाही सोसत नाही, एवढेच यातून दिसते.

त्याच सुमारास डार्बी नावाच्या आयरिश धर्मोपदेशकाने दुसरी वाट काढली. त्याच्या मताप्रमाणे ख्रिस्त आधी आपल्या लोकांना उचलून नेईल, आणि जगाचा न्याय त्यानंतर. विश्वासणाऱ्यांसाठी निराळे न्यायासन. तिथे शिक्षा नाही, फक्त बक्षिसे आणि मुकुट कमीजास्त. १९०९ च्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलाने हे मत सर्वत्र पसरवले, आणि आपल्या देशातही अनेक मंडळ्या ते मानतात. त्यात चूक काय हे मी सांगणारा कोण? पण बेमाच्या त्या चौथऱ्यावरून मजुरीची थकबाकी उतरवून तिथे नुसते बक्षीससमारंभाचे टेबल मांडले, की याकोबाचे पत्र कुठे वाचायचे हे मला समजत नाही.

योगायोग असा, की मिलरच्या निराशेच्याच वर्षी, १८४४ मध्ये, पॅरिसहून निघालेल्या एका नियतकालिकात मार्क्सचे ते अफूचे वाक्य छापले गेले. ते आपल्याला पाठ असते. त्याच्या आधीच्या वाक्यांत पीडितांच्या दुःखाविषयी जी कणव आहे, ती मात्र कोणी सांगत नाही. अमेरिकन कामगारकवी जो हिल याने १९११ मध्ये स्वर्गातल्या मेजवानीच्या आश्वासनावर विडंबनगीत रचले. तेही खरेच आहे. उद्याच्या न्यायावर भरवसा ठेवून आजची भाकर सोडा, असे सांगणारे पाद्री झाले, पंडित झाले, मुल्ला झाले. पण हीच श्रद्धा माणसाला उभीही करते, याचे उदाहरण इंग्लंडात आहे.

डॉर्सेट परगण्यात टोलपडल नावाचे खेडे आहे. तिथल्या शेतमजुरांची मजुरी आठवड्याला नऊ शिलिंग होती, ती आठ झाली, मग सात झाली, आणि आता सहा होणार असे सांगण्यात आले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा स्वतः मजूर आणि मेथडिस्ट पंथाचा उपदेशक. त्याने पुढे लिहिलेल्या पुस्तिकेत सांगितले आहे, की शेजारच्या गावांइतकी मजुरी देण्याचे वचन मालकांनी दिले तेव्हा गावचा पाद्री साक्षीला होता. मालक वचन पाळतील हे मी पाहीन, असे तो म्हणाला होता. मालक फिरले, आणि पाद्रीही साक्ष विसरला. देवाच्या घरापासून सुरुवात करायची तर ती इथूनच करावी लागेल! तेव्हा मजुरांनी संघ काढला. सभासद होताना डोळे बांधून शपथ घ्यायची, आणि पट्टी सोडली की समोर सांगाड्याचे चित्र. म्हणजे आपल्या अंताची आठवण ठेव आणि आता खोटे बोलू नकोस.

संघ काढणे गुन्हा नव्हता. म्हणून सरकारने बेकायदा शपथेचा एक जुना कायदा शोधून काढला. फेब्रुवारी १८३४ मध्ये सहा जणांना पकडले आणि मार्चमध्ये सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावून ऑस्ट्रेलियाकडे पाठवले. लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला, अर्ज झाले, आणि १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. परत आल्यावर सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात निघून गेले. सहावा जेम्स हॅमेट गावातच राहिला. तो त्या शपथेच्या बैठकीला हजरच नव्हता, असे सांगतात. पोलीस आले ते त्याच्या भावासाठी. पण भावाची बायको गरोदर होती, म्हणून तो काही न बोलता भावाच्या जागी गेला. त्याबद्दल तो पुढेही फारसा बोलला नाही. म्हातारपणी १८९१ मध्ये तो डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात वारला. त्याला पुरताना कोणी युनियनच्या बाजूने भाषण करू नये म्हणून गावचा जमीनदार कबरीशी उभा होता, अशी हकीगत तिथे सांगतात. त्याच्या कबरीवर दगड बसला तो १९३४ मध्ये, शंभर वर्षांनी, आणि तो बसवला ब्रिटिश कामगार संघटनांनी.